झाकण एकोणचाळीस, झाकण चाळीस

१

शनिवारी दुपारी बर्मिंगहॅमच्या हार्बोर्न भागातल्या एका बैठकीच्या खोलीत सहा पाहुण्यांनी सहा ग्लास एकाच वेळी ओठांना लावले. तिघांनी मान डोलावली आणि दुसरा घोट घेतला. उरलेल्या तिघांनी ग्लास खाली ठेवले, आणि त्यांपैकी एकाने, सभ्यपणा आड येण्यापूर्वीच, "दवाखाना," असा एकच शब्द उच्चारला.

बिअर घरी केलेली होती. करणारा परीक्षित हा मूळचा पुण्याचा, बर्मिंगहॅममधल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचे काम करणारा, आणि सहा आठवड्यांपूर्वी बाप झालेला. मुलगी जन्माला आली त्याच आठवड्यात त्याने ही बिअर आंबवायला ठेवली, तीन आठवड्यांनी बाटल्यांत भरली आणि प्रत्येक बाटलीवर मुलीचे नाव छापून चिकटवले: उर्वी. चाळीस बाटल्या. त्यांपैकी सहा त्या दुपारी प्रथम उघडल्या गेल्या. तीन निर्दोष निघाल्या आणि उरलेल्या तिन्हींत दवाखाना निघाला.

एवढ्यावर प्रकरण हसण्यावारी नेता आले असते. पण परीक्षित स्वयंपाकघरात गेला आणि बायकोला, म्हणजे चैत्रालीला, म्हणाला, "आईंनी काहीतरी टाकलंय त्यात. दुसरं कोण टाकणार?"

स्वयंपाकघर आणि जिना यांच्यामध्ये एक पातळ दार आहे. दारापलीकडे चैत्रालीच्या आई, आसावरीबाई, खांद्यावर नात घेऊन उभ्या होत्या.

मला हे रविवारी सकाळी चैत्रालीच्या फोनवरून समजले.

"अरुणामावशी, तुम्ही आज येऊ शकाल का?" ती म्हणाली. "आईनं तिकीट बदललंय. मंगळवारी जातेय. ती अजून तीन महिने राहणार होती. माझ्या टाक्यांना इन्फेक्शन झालंय, जीपी डॉक्टर म्हणाला अजून महिनाभर बाळाखेरीज काही उचलायचं नाही. आणि परीक्षित तिच्याशी बोलत नाहीये."

"तुझा कोणावर संशय आहे?"

"कोणावरच नाही. आणि मलाही संशयितांत धरा. बाळंतिणीच्या घरात तो बिअर करत बसला म्हणून सगळ्यात जास्त मीच वैतागले होते."

२

मी एकतीस वर्षे इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जैवरसायनाचे काम केले. निवृत्तीनंतर इथल्या मराठी मंडळातले लोक मला दोन कारणांसाठी बोलावतात: रक्ताच्या अहवालाचा अर्थ सांगण्यासाठी, आणि कोणीतरी करणी केली असा संशय आल्यास तो दूर करण्यासाठी. दुसऱ्या कामात मला फारसे यश येत नाही.

दार चैत्रालीने उघडले. जिन्याखाली एक मोठी बॅग कुलूप लावून तयार होती. आसावरीबाई स्वयंपाकघरात होत्या. नागपूरला त्यांनी शाळेत गृहशास्त्र शिकवले; ओटा पाहिला असता ते न सांगताही कळावे. निळ्या झाकणाच्या डब्यात उर्वीच्या दुधाच्या बाटल्या बुडवून ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्यातली एक चिमट्याने काढली, दोनदा झटकली आणि तशीच पालथी घातली.

"विसळत नाही?" मी विचारले.

"नाही जी. अर्धा तास बुडवायचं, झटकायचं, पुन्हा पाणी लावायचं नाही. पाकिटावर लिहिलंय. चैत्रालीनं पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं. मग मी स्वतः वाचलं."

"आसावरीताई, काल काय झालं?"

"त्यांनी रात्री विचारलं, माझ्या बिअरमध्ये तुम्ही काही टाकलं काय. मी म्हटलं, तुमच्या बिअरला माझा हात लागला नाही. तेवढंच विचारलं त्यांनी, तेवढंच सांगितलं मी."

"तुम्हाला ती आवडत नव्हती."

"आताही आवडत नाही. तान्हं बाळ आहे त्या घरात ही भट्टी कशाला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. मागून करायचं असतं तर तोंडावर काहून म्हटलं असतं?"

युक्तिवाद चांगला होता. पण चांगला युक्तिवाद दोषी माणूसही करू शकतो. मी गॅरेजकडे वळले.

परीक्षित बाटल्यांसमोर खुर्ची टाकून बसला होता. डोळे लाल होते. तान्हे मूल असलेल्या घरात त्याचा अर्थ एवढाच की तो झोपला नव्हता.

"मावशी, प्रोसेस सेम, बॅच सेम, यीस्ट सेम," तो म्हणाला. "तरी काही बाटल्या परफेक्ट आणि काही फिनाइल. हे आपोआप होत नाही."

"आपोआप काहीच होत नाही. कारण असतं. हेतू असतोच असं नाही, आणि तू तो आधीच ठरवून टाकलायस."

मी त्याची वही मागितली. वही उत्तम होती. पाणी, तापमान, वेळ, सगळे मिनिटागणिक टिपलेले. बाटल्या ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने त्याने प्रत्येक झाकणावर मार्करने आकडा घातला होता, एकपासून चाळीसपर्यंत.

काही शक्यता तिथल्या तिथे निकालात निघाल्या. पाणी, माल्ट किंवा यीस्ट यांत दोष असता तर चाळीसही बाटल्या बिघडल्या असत्या. जंतूंचा उपद्रव असता तर बिअर आंबट झाली असती आणि उघडताच उसळली असती. तसे काही झाले नव्हते. झाकणे शाबूत होती, त्यांवरचे आकडे परीक्षितच्याच हातचे होते. म्हणजे भरल्यानंतर कोणी काही मिसळलेले नव्हते. दोष रिकाम्या बाटलीतून आला होता.

"बाटल्या दोन प्रकारच्या दिसतात," मी म्हटले.

"लांब मानेच्या चोवीस आमच्या. आखूड मानेच्या सोळा नकुलच्या. तो पण ब्रू करतो, सेली ओकला राहतो. माझ्याकडे कमी होत्या म्हणून त्यानं दिल्या."

"काल बिघडलेल्या तीन कोणत्या होत्या?"

तो हळूच म्हणाला, "आखूड मानेच्या."

तीन हा आकडा काही सिद्ध करण्याइतका मोठा नाही. मी परीक्षितला घेऊन बाहेर गेले. चैत्रालीने उरलेल्या तेराही आखूड बाटल्या आणि कशाही निवडलेल्या सहा लांब बाटल्या उघडून प्रत्येकीतले थोडे थोडे एकसारख्या पेल्यांत ओतले. कोणत्या पेल्यात काय आहे हे फक्त तिला ठाऊक होते. मग परीक्षितने आणि मी वेगवेगळे, एकमेकांशी न बोलता, नुसता वास घेतला. आमची उत्तरे शेवटपर्यंत जुळली.

लांब मानेच्या सहाही निर्दोष. आखूड मानेच्या तेरांपैकी अकरा बिघडलेल्या.

"म्हणजे नकुल," परीक्षित म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि ती लपवण्याचे त्याला सुचले नाही. "त्याच्या बाटल्यांतच काहीतरी होतं."

"मग दोन चांगल्या कशा निघाल्या?"

चैत्रालीने त्या दोन बाटल्यांची टेबलावर उलटी पडलेली झाकणे सुलटी केली. एकोणचाळीस. चाळीस.

३

वहीत त्या दोन बाटल्यांची नोंद सापडली. तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी संध्याकाळी परीक्षितने अडतीस बाटल्या धुऊन जंतुनाशकाच्या द्रावणातून काढल्या आणि स्वयंपाकघरात बाटल्या सुकवायच्या घोडीवर पालथ्या लावल्या. त्या तशाच रात्रभर राहिल्या. शनिवारी अकरा वाजता भरायला घेतल्या. शेवटी बिअर थोडी उरली, म्हणून नकुलच्या आणखी दोन बाटल्या गॅरेजमधून आणून, त्याच द्रावणातून काढून, तिथल्या तिथे भरल्या.

म्हणजे एकोणचाळीस आणि चाळीस या बाटल्याही नकुलच्याच, द्रावणही तेच, बिअरही तीच. फरक एकच: त्या रात्रभर स्वयंपाकघरात नव्हत्या. शुक्रवारी संध्याकाळ ते शनिवारी सकाळ या मधल्या काळात घोडीवरच्या अडतीसांपैकी चौदा बाटल्यांना काहीतरी झाले होते, आणि बाकीच्या चोवीसांना झाले नव्हते.

"हा वास क्लोरोफिनॉलचा आहे," मी परीक्षितला सांगितले. "माल्टमधल्या काही द्रव्यांना क्लोरिन भेटला की तो तयार होतो. पोहण्याच्या शर्यतीच्या मोठ्या तलावात दोन चमचे पडला तरी नाकाला कळावा, इतका तीव्र असतो."

"पण मी ब्लीच वापरतच नाही, मावशी. नळाच्या पाण्यातला क्लोरिनसुद्धा टॅबलेट टाकून काढतो."

"घरात ब्लीच आहे?"

"वरच्या बाथरूममध्ये. टॉयलेटचं." त्याने वर बोट दाखवले. "आईंच्या खोलीशेजारी."

"नकुल त्या शनिवारी सकाळी आला होता?"

"नऊला. झाकणं बसवायचं मशीन द्यायला."

मी अकरा नंबरची बस धरून सेली ओकला गेले. नकुल चौघांबरोबर एका घरात राहतो. त्याने माझ्यासाठी खुर्चीवरचे कपडे उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले.

"परीक्षितचा मेसेज आलाय," तो म्हणाला. "हो, मी किचनमध्ये दहा मिनिटं एकटा होतो. चैत्राली वर होती, काकू बाळाला घेऊन बागेत. लिहून घ्या."

"लिहिलं. त्या दहा मिनिटांत काय केलंस?"

"केळं खाल्लं. न विचारता. तेही लिहा." मग तो गंभीर झाला. "मावशी, मला त्याची बिअर बिघडवायची असती, तर मी माझ्याच बाटल्या कशाला निवडल्या असत्या? त्याच्या निवडल्या असत्या. आणि निवडायचंच कशाला? सगळ्याच बिघडवल्या असत्या."

हे त्याने स्वतःच्या बचावासाठी सांगितले. पण त्याचा उपयोग त्याच्यापुरता नव्हता.

"बाटल्या कुठून जमवल्यास?" मी विचारले.

"इथल्याच. आमच्या पार्ट्यांच्या. म्हणजे स्वच्छ होत्या हां, मी विसळल्या होत्या. शुक्रवारी द्यायला गेलो तेव्हा काकूंना गमतीनं म्हटलंही, सांभाळून ठेवा, अर्ध्या सेली ओकचं तोंड लागलंय ह्यांना."

"हसल्या?"

त्याने आठवून पाहिले. "नाही. माझ्या हातातून त्यांनी त्या घेतल्या पण नाहीत. म्हणाल्या, खाली ठेवा."

परतीच्या बसमध्ये मी दोन वेळा माझी वही उघडली आणि काही न लिहिता मिटली. मग चैत्रालीला फोन केला आणि उर्वीच्या निळ्या डब्यातले थोडे पाणी एका स्वच्छ बरणीत काढून ठेवायला सांगितले.

"बाळाच्या डब्यातलं?" तिने विचारले, आणि डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला.

४

सोमवारी सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन ग्लास होते. आदल्या संध्याकाळी मी एक निर्दोष लांब बाटली तिन्हींत ओतून ते झाकून ठेवले होते. एका ग्लासात नळाच्या पाण्याचे पाच थेंब घातले होते, एकात निळ्या डब्यातल्या पाण्याचे पाच, आणि एकात काहीच नाही. ग्लासांची जागा चैत्रालीने बदलली होती. कोणता कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हते. आसावरीबाई वर बाळाला न्हाऊ घालत होत्या. त्यांना निघायला एक दिवस उरला होता.

परीक्षितने पहिला ग्लास नाकाशी नेला आणि ठेवला. दुसरा नेला आणि चेहरा बाजूला घेतला.

"हाच," तो म्हणाला. "तिसरा हुंगायची गरज नाही."

"हुंग."

तिसरा चांगला होता. चैत्रालीने मधल्या ग्लासाखालची चिठ्ठी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"बाळाच्या बाटल्या ज्या पाण्यात बुडवतात ते पाणी," मी सांगितले. "त्यात विरघळवायच्या गोळीत क्लोरिनच असतो. अर्ध्या तासात जंतू मरतात, आणि बाटली न विसळता वापरता येते, कारण उरलेल्या थेंबांनी बाळाला काही होत नाही. दुधाला काही होत नाही. बिअरला मात्र तेवढे थेंब पुरतात."

परीक्षितने चिठ्ठी दोनदा वाचली. तो हुशार माणूस आहे. पुढची पायरी त्याला सांगावी लागली नाही. घरात त्या डब्याचे काम एकच व्यक्ती करत होती.

"म्हणजे आईच," तो म्हणाला. चैत्रालीकडे न बघता त्याने ग्लास टेबलावर सरकवला. "म्हणजे शनिवारी मी बरोबरच होतो."

५

"निम्मा बरोबर होतास," मी म्हटले. "आणि तो निम्मा भाग काही कामाचा नाही. बस खाली."

तो बसला.

"बिअर नासवायला निघालेला माणूस चोवीस बाटल्या का सोडेल? घोडीवर सगळ्या शेजारी शेजारी होत्या. शिवाय वरच्या मजल्यावर ब्लीच असताना तो बाळाच्या गोळ्या का खर्चेल? बिअरवर राग असता तर सगळ्या गेल्या असत्या. इथे कोणीतरी बाटल्या निवडल्या आहेत, आणि निवड अचूक आहे: तुमच्या घरातली एकही नाही, परक्यांनी तोंड लावलेली घोडीवरची एकही सोडलेली नाही. बाटल्यांत असा भेद कोण करतं?"

परीक्षित पुण्यात वाढलेला होता. उत्तर त्याला ठाऊक होते. फक्त इंग्लंडमध्ये, सॅनिटायझरच्या शेजारी, त्याला ते सुचले नव्हते.

"उष्टं," चैत्राली म्हणाली.

"तू तुझ्या सासूबाईंना विचारलंस, बिअरमध्ये काही टाकलं का. त्या म्हणाल्या नाही. ते खरं आहे. बाटल्यांबद्दल त्यांना कोणी विचारलेलंच नाही."

आसावरीबाई खाली आल्या तेव्हा उर्वी दुपट्यात गुंडाळलेली होती आणि खोलीभर न्हाणीचा वास होता. त्यांनी टेबलावरचे ग्लास पाहिले आणि बाळ आमच्यापासून जरा दूर धरले.

"आसावरीताई," मी विचारले, "बिअर भरायच्या आधी नकुलच्या बाटल्या तुम्ही साफ केल्या होत्यात का?"

"केल्या ना," त्या लगेच म्हणाल्या. "पहाटे पाचचं दूध झालं बाळाचं, मग बादलीत पाणी घेतलं, गोळ्या टाकल्या. अर्धा तास, घड्याळ लावून. झटकून होत्या तशा लावून ठेवल्या."

"आई, मग तू सांगितलं का नाहीस?" चैत्रालीने विचारले.

"काय सांगू बावा? तुमच्या मित्रानं आणलेल्या बाटल्या उष्ट्या आहेत म्हणून? जावयाच्या मित्राला असं म्हणते का कोणी? गुपचूप करून टाकलं, झालं." त्या परीक्षितकडे वळल्या. "त्या पोरानंच सांगितलं, अर्ध्या गावाचं तोंड लागलंय. तुम्ही धुतल्या होत्या, मी पाहिलं. पण त्यात तुम्ही पिणार, पाहुणे पिणार, आणि त्याच तोंडानं बाळाचे मुके घेणार. मला ती बिअर आवडो न आवडो, पोटात तर घरच्याच माणसाच्या जाणार. बाळाला चालतं ते मोठ्यांना चालणार नाही, असं नाही वाटलं मला."

मी त्यांना क्लोरिन आणि माल्ट यांचे समजावून सांगितले. त्यांनी एकही वावगा प्रश्न विचारला नाही. दुधात असे का होत नाही, हे मात्र दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मगच बाळाला खांद्यावर घेतले.

"म्हणजे चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "एवढी मेहनत केली होती तुम्ही. पोरीच्या नावाची बिअर."

परीक्षितने तोंड उघडले, पण त्या थांबल्या नव्हत्या. त्यांच्या मनात आणखी काहीतरी होते, आणि ते काढणे त्यांना पहिल्यापेक्षा जड जात होते.

"परीक्षितराव, आणखी एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी मी मोजल्या, तर त्या पोराच्या सोळा निघाल्या. मी चौदाच केल्या होत्या. दोन तुम्ही नंतर आणल्या असतील, मी बागेत होते, मला कळलं नाही. आणि तोवर झाकणं लागली होती. त्या दोन राहूनच गेल्या माझ्याकडून. तीन आठवडे तेच डोक्यात होतं. शनिवारी तुम्ही बाटल्या आणल्या तेव्हा मी जिन्यावरून पाहत होते, त्या दोन तर उघडत नाहीत ना म्हणून."

एकोणचाळीस आणि चाळीस टेबलाच्या कडेला उघड्या उभ्या होत्या. परीक्षितने एक उचलली, हुंगली आणि पुन्हा ठेवली.

"आई," तो म्हणाला, "त्याच्या सोळांत चांगल्या निघाल्या त्या ह्या दोनच."

आसावरीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. प्रयोगाचा निष्कर्ष तोच होता.

"म्हणजे मी हात लावला नाही तेवढ्याच?"

"तेवढ्याच."

त्यांना हसू आले, आणि ते आवरायला त्यांनी बाळाच्या दुपट्यात तोंड लपवले. ते जमले नाही. चैत्राली पोटावर हात दाबून हसत होती आणि टाके दुखतात म्हणून हसू नका असे सर्वांना सांगत होती. परीक्षित हसला नाही. तो उठून आसावरीबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"मी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं," तो म्हणाला. "आणि तुम्हाला ऐकू जाईल असं बोललो. चुकलो, आई. तुम्ही जाऊ नका."

"जेवलात काय सकाळपासून?" आसावरीबाईंनी विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली. त्यांनी बाळ त्याच्या हातात दिले आणि फ्रिज उघडला.

दुपारी त्याने जिन्याखालची बॅग वर नेली. ती इतकी जड होती की मध्ये एकदा त्याला थांबावे लागले. मंगळवारचे विमान एक जागा रिकामी घेऊन गेले असावे. मी चौकशी केलेली नाही.

गुरुवारी मी परीक्षितची वही परत करायला गेले. त्याने पुढच्या बिअरची कृती एका नव्या वहीत लिहायला घेतली होती. बाटल्यांच्या विभागात पहिल्या चार पायऱ्या पूर्वीच्याच होत्या. पाचवी नवी होती: "आईंना विचारणे." तिच्याखाली दुसऱ्या, वळणदार, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात एक ओळ होती: "नकुलच्या बाटल्या उकळून घेणे. गोळी नाही."